बिस्किटांचा पुडा आणि सव्वादोनशे मजले

माझा पाचवीतला पुतण्या मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवतो आणि बिस्किटांचा पुडा खातो. आईने हटकले की म्हणतो, "संध्याकाळी धावून येईन, सगळं जिरून जाईल!" एकदा मी त्याला म्हटले, "चल, खरेच जिरते का ते मोजू या."

पुतण्याचे वजन ३० किलोग्रॅम. आमच्या इमारतीचा एक मजला ३ मीटर उंच. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. एक मजला चढताना होणारे कार्य ३० × १० × ३ = ९०० ज्यूल. पण आपले स्नायू ऊर्जेचा फक्त एक चतुर्थांश ते एक पंचमांश भाग कार्यात बदलतात. बाकीची उष्णता होते. जिना चढल्यावर घाम येतो तो त्यामुळेच. म्हणजे प्रत्यक्ष खर्च ३६०० ते ४५०० ज्यूल. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४२०० ज्यूल. तेव्हा ढोबळ हिशेब असा : एक मजला, एक किलोकॅलरी.

आता पुडा पाहू. ५० ग्रॅम बिस्किटांत साधारणपणे ३५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ व साखर, ८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ३ ग्रॅम प्रथिने असतात. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून ४, तर स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी मिळतात. बेरीज झाली २२४. म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे मजले! एवढ्या मजल्यांची इमारत जगात अजून उभी राहिलेली नाही.

पुतण्याचा चेहरा पडला. "मग काका, मी जेवणच कमी करू का?"

मुळीच नाही! नुसते पडून राहिले तरी त्याच्या शरीराला दिवसाला अकराशे-बाराशे किलोकॅलरी लागतात. हृदय, मेंदू, श्वासोच्छ्वास यांचे काम अखंड चालू असते. ८६,४०० सेकंदांनी भागून पाहा. साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतकी शक्ती येते. शिवाय त्याला वाढायचे आहे. प्रश्न किती खाल्ले एवढाच नाही; काय खाल्ले हाही आहे.

शालेय पोषण आहाराचेच उदाहरण घ्या. १९९५ साली सुरू झालेली ही देशव्यापी योजना २०२१ पासून 'पीएम पोषण' या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे तिचे प्रमाण आहे. तांदळाच्या ३४५, डाळीच्या ७० व तेलाच्या ४५ मिळून ४६० किलोकॅलरी होतात आणि प्रथिने सुमारे १२ ग्रॅम मिळतात. तेवढी प्रथिने बिस्किटांतून मिळवायची तर चार पुडे, म्हणजे सुमारे ९०० किलोकॅलरी पोटात जातील! साध्या खिचडीची थोरवी या आकड्यांत आहे.

मग खेळायचे कशासाठी? खेळ हा खाल्लेल्याचा दंड नव्हे. खेळाने जे मिळते ते नुसत्या ताटातून मिळत नाही. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा भक्कम आढळते. हात एकाच माणसाचे, अन्न तेच. फरक केवळ भाराचा. हाडांतील खनिजांचा बहुतेक साठा विशीच्या आसपास पुरा होतो. लंगडी, दोरीवरच्या उड्या, खो-खो हे खेळ म्हणजे या साठ्यात टाकलेली भरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल करावी.

आणि आपण काय करतो? परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देतो. पूर्वी शाळेत शिकवताना मीही असे तास घेतले आहेत. राहिलेले गणित पुढच्या वर्षी शिकवता येते. वाढीचे वय मात्र परत येत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपले वजन आणि शाळेच्या जिन्याची उंची मोजा. डब्यातल्या पदार्थांचा हिशेब वरील रीतीने मांडा आणि तो वर्गात वाचून दाखवा. आणि शिक्षकबंधुभगिनींनो, तो हिशेब खेळाच्या तासाला मात्र करवून घेऊ नका!