दीक्षाभूमीवरून घरी परतल्यावर

14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि माईसाहेब आंबेडकरांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्यानंतर समोर बसलेल्या लाखोंना बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली. येवल्याला 1935 मध्ये केलेली धर्मांतराची घोषणा एकवीस वर्षांनी पुरी झाली. या सोहळ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या मैदानावरून माणसं आपापल्या वस्तीवर परतली, तेव्हा घरातल्या पोराटोरांनी काय पाहिलं, याबद्दल मात्र फार कमी.

दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचाव्यात. राम-कृष्णांना, गौरी-गणपतीला देव मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, दारू पिणार नाही. यांतल्या बहुतेक पाळायच्या त्या स्वतःच्या छपराखाली. क्रांतीचा अवघड भाग घरात होता, आणि तो बराचसा बायकांच्या अंगावर पडला, असं माझं ठाम मत आहे.

देव्हाऱ्यातले टाक, खंडोबा, म्हसोबा, मरीआई असे सगळे देव टोपलीत भरून नदीला किंवा विहिरीत सोडले गेले. ज्यांच्या कोपाची भीती घालून कालपर्यंत मुलांना गप्प बसवलं, तेच हे देव. घरातल्या लेकराला ताप भरला तर आजीच्या मनात काय येत असेल, याचा विचार करावा. कुठे म्हातारीने एखादा टाक धान्याच्या कणगीत लपवला असेल, तर तिला दोष देण्याचं धाडस माझ्यात नाही. पण देव गेले, त्यांच्याबरोबर आणखीही काही गेलं. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात पोतराजाची हकीकत आहे. नवसापोटी घरातला मुलगा देवीला वाहायचा आणि त्याने जन्मभर अंगावर कोरडे ओढत दारोदार हिंडायचं. मुलगी खंडोबाला मुरळी म्हणून सोडायची. देव्हारा रिकामा झाला, तेव्हा त्या घरातली पुढची मुलं या नवसांतून सुटली.

या सुटकेची किंमत पोटाने मोजली. मेलेलं ढोर ओढणं, येसकरकी, होळीची लाकडं, परगावी मयताची खबर पोचवणं ही कामं महारांनी वतन म्हणून करायची आणि त्याबदल्यात संध्याकाळी घरोघरची भाकरी मागायची, अशी रीत होती. आता कामाला नकार आणि भाकरीलाही नकार. गावोगाव बहिष्कार पडले. दुकानदार मीठ-मिरची देईना, शेतात मजुरी मिळेना. रात्री चुलीवर काय ठेवायचं, हा प्रश्न आईचा. महार वतनाविरुद्धचं विधेयक बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात मांडलं होतं. ही वतनं कायद्याने गेली ती त्यांच्या निधनानंतरच्या कायद्याने.

दसऱ्यानंतर तीनेक आठवड्यांनी दिवाळी आली. गावात कंदील लागले. आपल्याकडे लक्ष्मीपूजन करायचं की नाही, करंज्या तळायच्या की नाही, हे ठरवायला कुठलाच जुना नियम नव्हता. काही घरांनी सण साफ सोडला, काहींनी पूजा टाळून मुलांसाठी गोडधोड केलं. दिवाळी अंकाच्या वाचकांनी त्या वर्षीची ही घरंही आठवावीत, असं मला मनापासून वाटतं.

आणि दीक्षेला दोन महिने व्हायच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. दादर चौपाटीवर त्यांच्या चितेच्या साक्षीने हजारोंनी दीक्षा घेतली. पण खेड्यात भिक्खू नव्हते, विहार नव्हतं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ 1957 मध्ये निघाला, तोही इंग्रजीत. मग धम्म शिकवायचा कोणी? अनेक घरांत शाळेत जाणारं पोरगंच शिक्षक झालं. ‘जनता’ पत्राचं ‘प्रबुद्ध भारत’ झालं होतं. ते मोठ्याने वाचून दाखवायचं, त्रिशरण पाठ करायचं आणि आजीकडून म्हणवून घ्यायचं. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांची गाणी वस्तीवर यायची, ती आया जात्यावर ओवीत घोळवायच्या. लग्न भटजीवाचून, पांढऱ्या वस्त्रांत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे लागू लागलं. कचरू, धोंडू अशी नावं पडणाऱ्या घरांत सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, संघमित्रा जन्माला आले. भेटताना ‘जोहार मायबाप’ म्हणणारा बाप ‘जय भीम’ म्हणू लागला. बापाची वाकलेली मान सरळ होताना पाहणं, यापेक्षा मोठा धडा मुलाला कुठली शाळा देणार?

बायकांची तयारी आधीपासून होती. महाडला 1927 मध्ये बाबासाहेबांनी त्यांना लुगडं नेसण्याची जुनी, जात ओळखवणारी रीत सोडायला सांगितलं होतं. नागपुरात जुलै 1942 मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत मुलं मोजकी असावीत, ती शिकवावीत हे त्यांनी ऐकलं होतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी अशा कार्यकर्त्या बायकांना गाठून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. ते प्रत्येक मराठी घरात असावं.

1951 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, 1961 मध्ये सुमारे 27 लाख 90 हजार. ज्या घरांनी खानेसुमारीच्या कागदावर ‘बौद्ध’ लिहिलं, त्यांनी अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींवर पाणी सोडलं. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती पुढे दिल्या, पण केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत सामावून घेतलं ते 1990 मध्ये. दीक्षेच्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल तोवर चाळिशीला पोचलं होतं.