रोपाआधी राखण

मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडे वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. खड्डे तयार असतात, रोपांच्या पिशव्या येतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. 2019च्या पावसाळ्यात तर राज्याने 33 कोटी रोपं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. या सगळ्यामागच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. ती चुकीच्या जागी खर्ची पडते याचं मात्र वाईट वाटतं, आणि तसं होण्यामागे आपले काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : झाडं लावली की जंगल तयार होतं.

एका वयाची, एका जातीची झाडं रांगेत उभी राहिली तर ती लागवड झाली. जंगलात उंच वृक्षांखाली झुडपं असतात, वेली असतात, पालापाचोळा कुजवणारी बुरशी आणि वाळवी असते, बिया दूरवर नेऊन टाकणारे धनेश आणि वटवाघळं असतात. सरकारी मोजणीत हा फरक दिसत नाही. 1 हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांच्या माथ्यांची सावली 10 टक्के किंवा जास्त असेल, तर भारतीय वन सर्वेक्षण तिला वनाच्छादन म्हणतं. मग ती आमराई असो की रबराची बाग. त्यामुळे वनाच्छादनाचा आकडा वाढला म्हणून जंगल वाढलंच असं नाही.

आपल्या टेकड्यांवर सर्रास दिसणारं गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते चांगलंच. पण टेकडीभर तेच लावलं की हिरवळ दिसते आणि स्थानिक झाडंझुडपं मागे पडतात. त्याचं दुसरं नाव उंदीरमारी, यावरून काय ते समजावं.

गैरसमज : उघड्या डोंगरावर रोपं लावल्याशिवाय काही येणार नाही.

तोडलेल्या साग-पळसाची मुळं जमिनीखाली वर्षानुवर्षं जिवंत राहतात. दर पावसाळ्यात त्यांना धुमारे फुटतात, ते गुरं खातात, उरलेले उन्हाळ्यातल्या वणव्यात जळतात. अशा ठिकाणी जाळरेषा काढल्या आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी काही वर्षं पाळली, तर तयार मुळांवरची ही झाडं आणलेल्या रोपांपेक्षा जोमाने वाढतात. खर्चही कमी येतो. फक्त फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं.

गैरसमज : माळरान म्हणजे पडीक जमीन.

हा समज मला सर्वांत घातक वाटतो. ज्या जमिनीतून शेतसारा येत नाही ती निकामी, हा इंग्रजी अमलातला हिशोब; तो आपण अजून सोडलेला नाही. माळावर झाडं कमी आहेत म्हणजे कोणीतरी ती तोडली असणार, असं आपण गृहीत धरतो. पण सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या कोरड्या पट्ट्यात पाऊस थोडा, माती वीतभर आणि खाली मुरूम. तिथे पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतंच मुळात शोभतात. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी हे सारे या उघड्या माळाचे रहिवासी, आणि धनगरांची मेंढरंही याच माळावर जगत आली. याच पट्ट्यातल्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं. माळढोकाची मादी साधारणपणे एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला दूरवरचं दिसावं लागतं. अशा जागी खड्डे खणून झाडं लावली तर गवताची मुळं तुटतात, सावलीत गवत विरळ होतं आणि शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात. शिवाय गवत आपल्या मुळांवाटे मातीत भरपूर कार्बन साठवतं. कोकणातल्या कातळसड्यांचीही हीच गत : वर्षातले आठ महिने ओसाड दिसतात, म्हणून त्यांना कोणी वाली नाही.

गैरसमज : माणसाने हात लावला नाही तरच जंगल टिकतं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा बहुतेकांनी ऐकलेली असते. त्यामागची शिस्त कमी जणांना माहीत आहे. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. मध काढायचा तो मधमाश्या न मारता. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि लगेच बांबूवरून वाद उभा राहिला. बांबू वनस्पतिशास्त्रात गवत आहे, पण 1927च्या वन कायद्यात तो झाड ठरला होता. 2006चा वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज मानतो, तरी वाहतूक परवान्यासाठी गावाला झगडावं लागलं. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबूचं बेट तोडलंच नाही तर दाटीने गुदमरतं. कोवळे बांबू राखून पक्व तेवढे काढले, तर ते वर्षानुवर्षं उत्पन्न देतं. ज्याचं पोट जंगलावर आहे आणि ज्याच्या हाती त्याचा हक्कही आहे, त्याच्याइतकी चांगली राखण दुसरं कोणी करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंदा रोप घेऊन निघण्यापूर्वी, जिथे ते लावायचं त्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला गाठा. इथे पूर्वी काय होतं, ते त्याला विचारा. तो गवत म्हणाला, तर कृपा करून तिथे खड्डा खणू नका.