चढण न चढणारे यंत्र

समजा तुम्ही अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहात आणि यंत्ररचना या विषयाचा पहिलाच तास आहे. पाठ्यपुस्तक नाही, फळ्यावर समीकरण नाही. प्रत्येकाच्या हातात एक पेटी पडते. आत दोन लहान मोटारी, स्प्रिंगा, रबरबँड, लाकडाच्या पट्ट्या, नळ्या, तार असे काहीबाही. घरी आईने पाहिले तर "हा भंगार कुठून आणलास?" असेच विचारील! या भंगारातून यंत्र बनवायचे आणि सत्राच्या अखेरीस वर्गमित्राच्या यंत्राशी त्याचा सामना लावायचा. पेटी सर्वांना सारखीच मिळते. बाहेरून काही आणायचे नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७० च्या दशकात असा एक अभ्यासक्रम नावारूपाला आला. त्याचा क्रमांक २.७०, पुढे तो २.००७ झाला. वूडी फ्लॉवर्स (१९४३-२०१९) या प्राध्यापकांनी त्यातील स्पर्धेला असा रंग भरला की, ती पाहायला सामन्याला जमावी तशी गर्दी होऊ लागली. गणिते अचूक सोडवणाऱ्या मुलांना खरी वस्तू बनवताना मात्र का अडते, हे त्या कार्यशाळेत चांगले दिसते. आपण एक उदाहरण घेऊनच पाहू या.

तुमच्या यंत्राला ३० अंशांची लाकडी उतरण चढून वर ठेवलेले चेंडू खाली ढकलायचे आहेत. यंत्राचे वस्तुमान २ किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे २० न्यूटन. ३० अंशांची ज्या अर्धा. म्हणून उतरणीवर यंत्राला खाली ओढणारे बल १० न्यूटन. चाकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे, तेव्हा चाकाच्या आसाला ०.५ न्यूटन-मीटर इतका पीळ द्यावा लागेल. मोटार देते फक्त ०.०१. म्हणजे दातेरी चाकांनी वेग ५० पट कमी करून पीळ ५० पट वाढवायचा. पण दात दातावर घासतात, त्यात काही शक्ती वाया जाते. म्हणून तुम्ही शहाणपणाने ७० पट धरता. मोटारीचे मिनिटाला ६,००० फेरे असतील तर चाकाचे साधारण ८६ होतील आणि यंत्र सेकंदाला जवळजवळ ४५ सेंटिमीटर चढेल. कागदावर सारे छान जमले!

प्रत्यक्षात यंत्र उतरणीच्या पायथ्याशीच अडते. चाके गरगर फिरतात, यंत्र जागचे हलत नाही. स्पर्धेला चार दिवस उरले आहेत. तुम्ही ठरवता की मोटार कमी पडते. दोन रात्री जागून दातेरी चाकांची जुळणी बदलता, ७० चे १४० करता. परिणाम? चाके आता निम्म्या वेगाने गरगर फिरतात, इतकेच.

इथे जरा थांबा आणि चाकांकडे नीट पाहा. मोटार कमी पडली असती तर चाके थांबली असती आणि मोटार घुंघुं करत तापली असती. चाके तर फिरत आहेत! म्हणजे पीळ पुरेसा आहे, पकड नाही. चाकांवर रबरबँड चढवून पाहिले तरी ती घसरतातच. मग चूक कुठे आहे?

चढावर मागे जास्त ओझे भरलेली बैलगाडी उलाळते, हे तुम्ही खेड्यात पाहिले किंवा ऐकले असेल. चढावर भार मागे सरकतो. तुमच्या यंत्राचा गुरुत्वमध्य दोन्ही आसांच्या बरोबर मध्ये, पण जमिनीपासून ६ सेंटिमीटर उंच आहे आणि दोन आसांतील अंतर २० सेंटिमीटर. हिशेब केला तर उतरणीवर पुढच्या चाकांवर अवघा ५.७ न्यूटन दाब येतो, मागच्यांवर ११.७. आणि मोटार जोडली आहे ती पुढच्या चाकांना! ५.७ न्यूटन दाबावर १० न्यूटनची पकड मिळवायची तर घर्षणांक १.७५ हवा. स्वच्छ, कोरड्या लाकडावर रबराचा घर्षणांक फार तर एकाच्या आसपास जातो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल करा आणि यंत्र उलटे चढवा. आता मोटारीची चाके खालच्या बाजूला आली, त्यांना ०.८६ घर्षणांक पुरतो. रबरबँड चढवलेले यंत्र पाठमोरे का होईना, पण चढते. चेंडू ढकलणारा दांडा तेवढा दुसऱ्या टोकाला बसवावा लागेल. त्या दोन रात्री वाया गेल्याचे वाईट वाटते खरे. माझ्या मते त्या वाया गेल्या नाहीत, पण हे त्या वेळी कोणी सांगितलेले आवडत नाही.

अशा स्पर्धा आता एका वर्गापुरत्या उरलेल्या नाहीत. शाळकरी मुलांसाठी डीन केमन यांनी फ्लॉवर्स यांच्या मदतीने सुरू केलेली यंत्रमानवांची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात झाली, तेव्हा २८ संघ होते. आशिया-प्रशांत भागातील महाविद्यालयांसाठी २००२ मध्ये टोकिओत 'रोबोकॉन' सुरू झाली. २०१४ ची स्पर्धा आपल्या पुण्यात भरली होती.

तुम्हाला मात्र पेटीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढे-मागे चालणारी बॅटरीची खेळण्यातली मोटार आणि एक फळी घ्या. कोणती चाके मोटारीने फिरतात ते आधी पाहून ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचलत मोटार चढवा आणि चाके घसरू लागताच टोकाची उंची मोजा. मग तीच मोटार उलटी चढवून मोजा. आता तिच्या टपावर चार-पाच नाणी चिकटवून दोन्ही मापे पुन्हा घ्या. दोन उंचींतील फरक वाढला की घटला?