रुंद चाकांचा मोह

जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीभोवती चार माणसे जमली, की त्यांतला एक तरी तरुण खाली वाकून चाकाकडे पाहतो आणि म्हणतो, "बाकी सगळे झकास आहे हो, पण चाके फारच बारीक. जरा रुंद बसवली तर?" हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले. एका वाक्यात 'हो' किंवा 'नाही' असे ते देता येत नाही. दिसायला हा नुसता चार नट काढून चार नट बसवण्याचा मामला. परंतु त्यात मोटारीच्या तोलाचा, चालवणाऱ्याच्या जिवाचा आणि पुन्हा न मिळणाऱ्या वस्तूचा असा तिहेरी प्रश्न गुंतलेला आहे.

रुंद चाकाची ओढ तशी जुनीच म्हणायची. इंग्लंडात १७५३ साली कायदाच झाला होता, की जकातीच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या जड मालगाड्यांची चाके नऊ इंच रुंद असावीत. म्हणजे ती रस्ता उखडण्याऐवजी दाबून सपाट करतील. तेथे हेतू रस्ता वाचवण्याचा होता. आपल्या तरुणाचा हेतू वेगळा आहे. त्याला वळणावर मोटार रस्त्याला चिकटून राहायला हवी आहे, आणि खरे सांगायचे तर ती थोडी ऐटबाज दिसायलाही हवी आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून आपण एकच मोटार समोर ठेवू. ती म्हणजे एम. जी. बी. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत ही मोटार तयार होत होती आणि या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या. अठराशे सी. सी.चे साधे चार सिलिंडरांचे इंजिन, पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे बैलगाडीच्या आखासारखा एकसंध आस आणि त्याखाली पाट्यांच्या स्प्रिंगा. सगळे काही साधे, दणकट आणि गावातल्या मिस्त्रीलाही समजेल असे. पहिल्या गाड्यांना पत्र्याची जी चाके येत त्यांची रिम अवघी चार इंच रुंद होती; तारेच्या आऱ्यांची चाके घेतली तर साडेचार इंच. आजच्या लहानशा घरगुती मोटारीचे चाकही याहून रुंद असते.

मग ती इतकी अरुंद का केली? कंजूषपणाने नव्हे. त्या काळचा टायर उलटसुलट तिरप्या धाग्यांच्या थरांचा होता. त्याची पकड बेताची असे. पण ती सुटायची तेव्हा हळूहळू, पूर्वसूचना देऊन सुटायची. सिड एनेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्प्रिंगांचा ताठरपणा, स्टिअरिंगचे कोन, बेअरिंगचा आकार, मडगार्डाखालची जागा हे सगळे त्या टायरला धरून ठरवले. वळणावर मोटार थोडी घसरेल, चालकाला ते बसल्या जागी कळेल आणि तो हाताने सावरून घेईल, असा तो हिशेब होता. अरुंद चाक हा त्या हिशेबातला एक आकडा होता, आणि आपण नेमका तोच आकडा बदलायला निघालो आहोत.

आता रुंदीने होते काय, ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी, की टायर रुंद झाला की रस्त्याला टेकणारा रबर वाढतो. हे अर्धेच खरे आहे. या मोटारीच्या एका चाकावर ढोबळ मानाने दोनशे चाळीस किलो भार येतो. टायरमध्ये चोवीस पौंडांची हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो सातशे ग्रॅम दाब. भागाकार केला तर रस्त्याला टेकणारा भाग एकशे चाळीस चौरस सेंटिमीटरांच्या आसपास येतो. आपल्या टपालखात्याच्या पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठा! एवढ्याशा चार तुकड्यांवर आपण ताशी साठ मैलांनी घाट उतरत असतो. आता टायर रुंद केला, पण भार आणि हवेचा दाब तेच ठेवले, तर हा तुकडा फारसा वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. आधी तो लांबट असतो, तो आता आखूड आणि रुंद होतो. पोस्टकार्ड उभे होते ते आडवे झाले म्हणा ना.

या आडवेपणाचा वळणावर उपयोग होतो. वळताना टायरचे तोंड एका दिशेला असते आणि तो प्रत्यक्षात जातो किंचित निराळ्या दिशेला. या दोहोंतल्या छोट्या कोनातूनच वळण्याचे बळ निर्माण होते. रुंद टायर तेवढेच बळ कमी कोनात देतो. म्हणून स्टिअरिंग तत्पर वाटते, मोटार ऐकते. हा फायदा खरा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. पण पावसात याची किंमत मोजावी लागते. रस्त्यावर पाण्याचा थर असला तर अरुंद टायर सुरीसारखा त्यातून वाट काढतो. रुंद टायरला तेच पाणी अधिक रुंदीतून बाजूला सारावे लागते आणि तो आधी तरंगू लागतो. आपल्याकडील आषाढातला रस्ता ज्याने पाहिला आहे त्याने हा मुद्दा विसरू नये.

रुंदीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती वाढवलेली रुंदी कोणत्या बाजूला जाते. रुंद चाक आत फार सरकवता येत नाही, कारण आत स्प्रिंग आहे, ब्रेक आहे, स्टिअरिंगचा दांडा आहे. म्हणून बहुतेक रुंद चाके बाहेर येतात. पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरली तर माणूस विहिरीपासून घरापर्यंत येतो. तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा भरून येतो. बादलीचे वजन तेच असते. चाक इंचभर बाहेर गेले की पुढच्या बेअरिंगांची आणि ज्या खुंटावर चाक वळते त्या किंगपिनची अवस्था त्या खांद्यासारखी होते. शिवाय चाक ज्या कल्पित रेषेभोवती वळते ती रेषा जमिनीला जेथे टेकते, तेथून टायरचा मध्य आणखी दूर जातो. मग उभ्या मोटारीचे स्टिअरिंग जड होते, आणि चालत्या मोटारीचे एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा हिसका थेट हाताला बसतो. चाकामागे लोखंडी चकती, म्हणजे स्पेसर, घालून चाक बाहेर काढण्याचा जो उद्योग चालतो त्यात तर आणखी एक धोका असतो. नटाला स्टडचे पुरेसे आटे मिळत नाहीत. दोन-तीन आट्यांवर लटकलेले चाक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या मोटारीत बसण्याचे आम्ही नम्रपणे नाकारले.

मागच्या बाजूची अडचण निराळी, पण तितकीच हट्टी. एका अंगाला पाट्याची स्प्रिंग, दुसऱ्या अंगाला मडगार्डाची आत दुमडलेली पत्र्याची कड, आणि मध्ये टायर. त्यात गंमत अशी, की या गाड्यांचा सांगाडा आसावर तंतोतंत मधोमध बसलेला नसतो. अनेक गाड्यांत एका बाजूला, बहुधा डावीकडे, बोटभर जागा कमी असते. म्हणून उजवीकडे मापून चाक बसवणारा डावीकडे फसतो. आणखी एक खोच म्हणजे आऱ्यांच्या चाकांच्या गाडीचा मागचा आस पत्र्याच्या चाकांच्या गाडीपेक्षा आखूड केलेला असतो. एका गाडीला बिनबोभाट बसलेले चाक शेजारच्या गाडीला घासते ते यामुळेच. मित्राच्या गाडीला बसले म्हणून माझ्याही बसेल, या भरवशावर चाके विकत घेऊ नयेत.

उभ्या मोटारीत बोट घालून जागा आहे असे ठरवणे ही तर शुद्ध फसवणूक होय. मोटारीत दोन माणसे बसली, मागे सामान भरले आणि वळणावर खड्डा आला, की मागचे मडगार्ड तीन-चार बोटे खाली येते आणि आसही थोडा बाजूला सरकतो. त्या क्षणी पत्र्याची कड टायरच्या कुशीवर चाकूसारखी फिरते. टायरची कूस हा त्याचा सर्वांत नाजूक भाग. ती कापली गेली तर हवा हळूहळू जात नाही, एकदम जाते, आणि तीही नेमकी वळणावर, भरलेल्या बाजूची. यावर सोपी परीक्षा आहे. कडेच्या आतल्या अंगाला मुलांच्या खेळातल्या मातीचे छोटे गोळे चिकटवावेत, मोटार पूर्ण भरून खराब रस्त्यावरून सावकाश फिरवून आणावी आणि मग गोळे पाहावेत. माती खरवडली गेली असेल तर रबरही जाईल.

ही अडचण आली की कोणीतरी मडगार्ड कापण्याचा सल्ला देतो. इथे मात्र थांबावे. कड हलक्या हाताने ठोकून वर वळवणे वेगळे आणि कापणे वेगळे. एम. जी. बी.ला खाली निराळी चौकट नाही. तिचे पत्र्याचे अंग हीच तिची चौकट आहे. आतले मडगार्ड आणि बाहेरचे मडगार्ड जेथे जोडले आहेत तो जोड कापला की अंगाचे बळ कमी होते आणि त्या फटीतून गंज शिरतो. कारखान्याच्या शर्यत विभागाने एम. जी. सी.च्या काही गाड्यांना फुगीर मडगार्डे केली होती. त्यांतली एक १९६८ साली अमेरिकेतील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत धावली. पण ते काम आखून, नव्या पत्र्याने, शर्यतीसाठी केलेले होते. एम. जी. बी.च्या मालकांचे नशीब असे, की १९८८ पासून इंग्लंडात तिची नवी अंगे मूळ साच्यांतून पुन्हा काढली जाऊ लागली. इतर बहुतेक जुन्या गाड्यांना हे भाग्य नाही. तेथे जे कापले ते गेले.

निर्मात्यानेच चाके रुंद केली तर तो काय काय बदलतो, हे जर्मनीच्या पोर्शे ९११वरून दिसते. १९६४ साली तिची चाके साडेचार इंचांची होती. इंजिन मागे टांगलेले, त्यामुळे शेपूट फिरण्याची खोड. ती आवरण्यासाठी काही काळ पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत अकरा-अकरा किलोंची वजने घालावी लागली. १९६९ सालच्या नमुन्यात चाके सहा इंचांपर्यंत नेली, तेव्हा त्याच वेळी मागची चाके सत्तावन्न मिलिमीटर मागे सरकवली, मडगार्डे फुगवली, एका बॅटरीच्या दोन करून पुढच्या कोपऱ्यांत ठेवल्या. १९७३च्या करेरा आर. एस.मध्ये मागे सात इंच आणि पुढे सहा इंच चाके आली, तेव्हा मागचे अंग पुन्हा रुंद केले. उलट, कॉलिन चॅपमन यांची १९६२ची लोटस एलान पाहा. तेरा इंच व्यासाची, साडेचार इंच रुंदीची चाके! तरी वळणावरच्या चपळाईसाठी तिचे नाव आजही घेतले जाते. तिचे वजन सातशे किलोंच्या आत होते. त्या वजनाला ते चाक पुरेसे होते.

तेव्हा एम. जी. बी.च्या मालकाने करावे काय? आमचे मत असे. मूळ १६५ च्या टायरऐवजी १८५/७०-१४ हा टायर आणि पाच, फार तर साडेपाच इंचांची रिम येथवर जाण्यास हरकत नाही, पण मागच्या जागेची वरची परीक्षा करूनच. कारखान्याने स्वतःही पुढे पाच इंचांपर्यंत मजल मारली होती. या टायरची उंची मूळच्या इतकीच, सहाशे वीस मिलिमीटरांच्या आसपास राहते. १९५/६०-१४ घातला तर ती पाचशे नव्वदवर येते. मग काटा साठ दाखवतो तेव्हा मोटार सत्तावन्नानेच जात असते आणि इंजिन विनाकारण ओरडत राहते. आऱ्यांची चाके असतील तर साठ आऱ्यांच्या चाकावर रुंद टायरचा ताण टाकू नये, बहात्तर आऱ्यांचे घ्यावे. ते घेण्यापूर्वी तुंब्यावरचे दाते झिजले आहेत का हे पाहावे, कारण झिजलेल्या दात्यांवर नवे चाक महिन्याभरात जुने होते.

आपल्या देशात कायद्याचीही बाजू आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार नोंदलेल्या मोटारीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१ साली पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आले, त्यांतही मोटार मूळ रूपात राखलेली असावी, चौकट, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. कापलेले मडगार्ड घेऊन नोंदणीला जाणाऱ्याला तेथे काय उत्तर मिळेल हे सांगायला नको.

नवी चाके बसली म्हणजे पहिल्या पन्नास-साठ मैलांनंतर नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत. आऱ्यांचे चाक असेल तर मधला मोठा नट शिशाच्या किंवा तांब्याच्या हातोडीने ठोकून पाहावा. हवेचा दाब दोन-दोन पौंडांनी बदलून तीन-चार दिवस एकाच ओळखीच्या रस्त्यावर मोटार चालवावी आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. मूळची चारही चाके भंगारवाल्याला देऊ नयेत. तेलाचा हात फिरवून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावीत.