विरूपाक्षापासून विठ्ठलापर्यंत : हंपीची नदीकाठची वाट

हंपीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय काय पाहिलंत? दगडी रथ, कमळ महाल, हत्तीखाना, उग्र नरसिंह ही नावे पटापट येतात. रिक्षावाले एका दिवसात हा सगळा फेरा घडवतात. हाताशी एकच दिवस असेल तर तसे करण्यात काही गैरही नाही. पण विरूपाक्षाच्या देवळापासून विठ्ठलाच्या देवळाकडे जाताना रिक्षा कमलापूरवरून मोठा वळसा घेते. तुंगभद्रेच्या काठाने गेले तर हेच अंतर दोन-अडीच किलोमीटर भरते आणि त्या वाटेवर चाक चालत नाही. हंपीतले मला सर्वांत प्रिय असलेले सगळे काही याच वाटेवर आणि तिच्या आजूबाजूला आहे.

निघण्यापूर्वी विरूपाक्षाच्या देवळात थोडे रेंगाळावे. विजयनगरची स्थापना १३३६ची, पण पंपादेवी आणि विरूपाक्षाचे हे क्षेत्र त्याहून जुने. १५६५मध्ये राक्षसतागडीच्या लढाईनंतर राजधानी उद्ध्वस्त झाली. या देवळातली पूजा मात्र आजही चालू आहे. देवळाच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. तिच्या भिंतीत एक लहानशी फट आहे, तिच्यातून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेकडच्या सुमारे ५० मीटर उंच गोपुराची प्रतिमा उलटी उमटते. कळस खाली, पाया वर. डोळे अंधाराला सरावायला एक-दोन मिनिटे लागतात, म्हणून घाई करणाऱ्यांना तिथे काहीच दिसत नाही.

देवळाच्या दक्षिणेला हेमकूट टेकडी आहे. लोक इथे सूर्यास्ताला येतात. मी म्हणेन, सकाळी या. उतरत्या कातळावर पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची छोटी देवळे विखुरली आहेत. शिखरांच्या घाटणीमुळे पुष्कळ जण त्यांना जैन मंदिरे समजतात, पण यांतली तीन गाभाऱ्यांची देवळे शिवाची आहेत आणि काही तर विजयनगरच्याही आधीची. चालताना पायाखाली लक्ष ठेवा. कातळात एका ओळीत कोरलेल्या चौकोनी खोबणी दिसतील. त्यांत लाकडी पाचरी ठोकून वर पाणी ओतायचे. लाकूड फुगले की ग्रॅनाइट सरळ रेषेत तडकायचा. काही दगड अर्धवट तडकलेल्या अवस्थेत तसेच पडून आहेत. एवढे मोठे शहर कसे उभे राहिले हे मला राजवाड्यांच्या जोत्यांपेक्षा या खोबणींनी जास्त सांगितले.

देवळासमोरच्या लांबलचक बाजारपेठेच्या टोकाला एकसंध दगडाचा नंदी आहे. तिथून वाटेला दोन फाटे फुटतात. पायऱ्यांची वाट चढून खिंडीपलीकडे उतरते ती अच्युतराय मंदिरापाशी. अच्युतरायाच्या काळात, १५३४मध्ये, हे तिरुवेंगळनाथासाठी, म्हणजे व्यंकटेशासाठी बांधले गेले. आकाराने ते विठ्ठलमंदिराशी बरोबरी करू शकते, गर्दी मात्र जवळपास नाही. समोर पेठेचे मोडके खांब आणि शेजारी पुष्करणी. हेच देवळाचे आवार मातंग टेकडीवरून फार सुरेख दिसते. मातंग ऋषींच्या शापामुळे वालीला या परिसरात पाऊल टाकता येत नव्हते आणि म्हणून सुग्रीव इथे सुखरूप राहिला, असे रामायण सांगते.

नंदीजवळून नदीकडे वळणारा दुसरा फाटा आधी चक्रतीर्थावर नेतो. नदी इथे अरुंद होऊन झपकन वळते. काठावरच्या कोदंडराम मंदिरात राम, लक्ष्मण, सीता आणि सुग्रीव एकाच शिळेत कोरलेले आहेत. सुग्रीवाचा राज्याभिषेक इथेच झाला अशी श्रद्धा आहे. याच्या मागे, थोडे वर चढून, यंत्रोद्धारक हनुमान आहे. हा मारुती उड्डाण करत नाही, गदा उगारत नाही. पद्मासन घालून षट्कोनी यंत्रात तो ध्यानस्थ बसला आहे आणि भोवती १२ वानर, प्रत्येकाने पुढच्याची शेपटी धरलेली. माध्व संत व्यासराय यांनी त्याची स्थापना केली असे मानतात. इतका शांत मारुती मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पाणी कमी असेल तेव्हा इथूनच नावेने कोटिलिंगाला जाता येते. तिथे नदीकाठच्या सपाट कातळावर १०८ आणि १००८ लिंगांचे दोन पट कोरले आहेत.

पुढे वाट शिळांच्या मधून जाते. सुग्रीवगुहेजवळ कातळावर पांढरट पट्टा आहे. सीतेने विमानातून टाकलेल्या उत्तरीयाची ती खूण, असे गावकरी दाखवतात. मग येते राजतुला : ग्रॅनाइटचे दोन उंच खांब, वर आडवी तुळई आणि तिच्या खालच्या अंगाला तीन कड्या. राज्याभिषेक, ग्रहण अशा प्रसंगी राजाची सोन्या-रत्नांनी तुला करून ते दान दिले जाई. एका खांबाच्या बुडाशी राजा आणि दोन राण्या कोरल्या आहेत. वाकून पाहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत. नदीपात्रालगत पुरंदरदास मंडप आहे. कर्नाटक संगीताचे पितामह पुरंदरदास यांचे मूळ पुरंदरगडाच्या परिसरात होते अशी एक परंपरा आहे. त्यांच्या पदांची मुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’.

आणि वाट संपते तीही विठ्ठलापाशी. मराठी माणसाचा पाय इथे जड होतो, कारण गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत पंढरपूरला नेली, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कथेत इतिहास किती, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण पन्नास रुपयांच्या नोटेवर छापलेल्या रथाभोवती फोटोंसाठी झुंबड उडालेली असताना, आतल्या त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे हात जोडणारी बहुतेक माणसे मराठीत बोलत असतात, हे मी पाहिले आहे.

पाय थकले नसतील तर तळारीघाटावरून पलीकडे आनेगुंदीला जावे. डोमिंगो पायस हा पोर्तुगीज प्रवासी १५२०च्या सुमारास इथे आला होता. वेताच्या, वरून चामडे मढवलेल्या गोल नावांतून १५-२० माणसे नदी ओलांडतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या गोल नावा, हरिगोलू, अजून आहेत; फक्त चामड्याची जागा प्लॅस्टिकने घेतली. आनेगुंदीजवळच्या बेटावर नऊ माध्व संतांची वृंदावने, म्हणजे समाधिस्थाने आहेत, त्यांत व्यासरायांचेही आहे. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या पायपिटीला उत्तम. त्यानंतर कातळ तापतो. पावसाळ्यात तुंगभद्रा धरणाचे दरवाजे उघडले की पुरंदर मंडप पाण्याखाली जातो आणि नावा काठाला लागतात, म्हणून बेटावर जायचे तर आधी नावाड्याला पाण्याची विचारपूस करावी.