हातभर दोरा

सकाळी ६.३० : नर्सी नामदेव, हिंगोली तालुका. वैशाख चालू आहे. मावशींच्या अंगणात ताडपत्री पसरली आहे, तिच्यावर धुतलेलं नऊवारी लुगडं. ऊन चढायच्या आत बसायचं, असं कालच ठरलं होतं. हळदीचा हंगाम नुकताच उरकलाय. काढणी, शिजवणं, वाळवणं, सगळीकडे मावशी रोजानं होत्या. नखांच्या कडा अजून पिवळ्या आहेत. आता पेरणीपर्यंत जो मोकळा वेळ, तो वाकळा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, शिवण्याचा.

मी आले ते कादंबरीचं एक प्रकरण अडलं म्हणून. ऊसतोडीला निघालेल्या एका बाईची घरातली शेवटची रात्र. ती रात्र काही केल्या लिहून होत नव्हती. लिहिताना अडलं की लोक वाचा म्हणतात. मला ते पटत नाही. शब्दांनी शिणलेल्या डोक्याला आणखी शब्द कशाला? हाताला काम द्यावं.

७.०० : थर लावणं. तळाला लुगडं, त्यावर जुनी पातळं, फाटकं धोतर, नातवाचा शाळेचा शर्ट. शर्टाच्या शिवणी उसवलेल्या, बटणं काढून डब्यात. खिशाला शाईचा डाग. तो धुऊनही गेलेला नाही, तसाच आत जातो. कोपऱ्यांवर विटा. मग मावशी गुडघ्यावर बसून तळहातानं मधून कडेकडे कापड सारत जातात. एकदा, परत एकदा. मला वाटलं झालं. त्यांना नाही वाटलं.

"आत सुरकुती ऱ्हायली की वरून दिसत न्हाई, पर पाठीला लागती."

८.१५ : शिवण. कड आत दुमडून कोपऱ्यापासून सुरुवात. एक चक्कर कडेनं, मग तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, अशी वाकळ बाहेरून मध्याकडे शिवत जायची. शिवणारीनं वाकळीवरच बसायचं. तिच्या वजनानं थर हलत नाहीत. सुई मोठी, दोरा जाड सुती. बोटाला चिंधीची पट्टी गुंडाळलेली. डावा हात थरांखाली असतो, सुईचं टोक त्याला लागलं की वर वळवायचं. डोळ्यांपेक्षा हा खालचा हातच जास्त काम करतो.

मी दोरा ओवला. मावशींनी नुसतं पाहिलं.

"काहून इतका लांब घेतलास माय? गुतंल."

दोरा हातभरच घ्यायचा. संपला की गाठ, पुन्हा हातभर. सबंध वाकळीचा विचार करायला जागाच राहत नाही. समोर हातभर काम असतं, तेवढंच.

१०.३० : ऊन अंगावर आलं. सगळं उचलून ओसरीत. चहा. ही वाकळ हिंगोलीच्या एका घरची आहे. लुगडी त्यांची, शिवणावळ सातशे रुपये. दोरा मावशींचा, दोन रिळं तरी लागतातच. रोज असं बसलं तर आठ दिवस. शेतात गेलं तर रोज तीनशे मिळतो. मी मनात गुणाकार करत होते, तो मावशींनी ओळखला.

"उन्हाळ्यात शेतात काय हाय? आन् हितं सावली हाय."

१२.३० : भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. घटकाभर पाठ टेकली.

२.०० : पुन्हा बैठक. कयाधूकाठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. त्यांचं घर शिंप्याचं. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि त्यांतल्या एकात गज आणि कात्री येतात. देवाशी बोलायला त्यांना धंद्याबाहेरची हत्यारं शोधावी लागली नाहीत. हाताचं काम करणाऱ्या लेखकांत अलीकडचं नाव घ्यायचं तर अनिल अवचट. लाकूड कोरायचे, ओरिगामी करायचे, बासरी वाजवायचे, आणि 'छंदांविषयी' असं पुस्तकच त्यांनी लिहिलं. याला विरंगुळा म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. शब्द कसेही वाकतात, खोडले की गप्प बसतात. लाकडाची शीर, कापडाचा उभा-आडवा धागा ऐकत नाही. लिहिणाऱ्या माणसाला असं काहीतरी न ऐकणारं अधूनमधून हातात हवंच.

३.४५ : "ताणू नगं. कापड गोळा व्हतंय."

मी हात सैल सोडला. चुण्या उलगडल्या. पुढची ओळ सरळ गेली. टाके मावशींइतके बारीक नव्हते, पण एका मापाचे होऊ लागले होते. बराच वेळ कुणीच बोललं नाही. आणि काही कारण नसताना तोंडातून प्रश्न निघाला, "मावशी, तोडीला जाताना वाकळ कोणती नेतात?"

"हलकी नेत्यात. गाडीत बोजा किती घेणार? जड घरी ऱ्हाती, म्हाताऱ्या माणसाला." सुई ओढता ओढता त्या पुढं म्हणाल्या, "पर थंडी तर फडातबी असती."

मी सुई कापडात टोचून ठेवली आणि पिशवीतली वही काढली. मावशींनी तेवढ्यात माझ्या बाजूची ओळ पुढं नेली.

६.०० : आवराआवर. आधी सुया मोजायच्या. एखादी आत राहिली तर निजणाऱ्याच्या अंगात जाईल. मोजून डबीत. चिंध्यासुद्धा टाकत नाहीत, पुढच्या वाकळीच्या पोटात जातात. माझ्यामुळं मावशींचं काम मागं पडलं होतं, म्हणून मी एक रोज दिला. त्यांनी नोटा मोजल्या, कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "उद्या येशील तर दोरा घिऊन ये. पांढरा. हिंगोलीत सस्ता मिळतो."

रात्री ९.०० : प्रकरणाच्या तोंडाशी आता दोन वाकळा आहेत. बाई दोन्ही उचलून बघते. सासू कोपऱ्यातून म्हणते, जड तू ने, मला कशाला. बाई म्हणते, गाडीत जागा नाही. आठवडे गेले, या दोघी एकमेकींशी बोलायला तयार नव्हत्या. आता एकीचं संपायच्या आत दुसरी सुरू होते, आणि मला लिहून घेताना हात पुरत नाही.