किरणोपचार आणि काळ : खंड का पडू देऊ नये?

मुख, जिव्हा वा कंठाच्या कर्करोगाचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा किरणोपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोंड सोललेले असते, घास गिळवत नाही, मानेची त्वचा काळवंडलेली असते. त्याचा प्रश्न ठरलेला असतो : “आठ-दहा दिवस लाईट थांबवून तुमचे औषध घेतले तर चालेल का?” याचे उत्तर देण्यापूर्वी किरण व काळ यांचा संबंध वैद्याने नीट जाणून घेणे अगत्याचे आहे.

किरणांमुळे पेशीतील डीएनएचे धागे तुटतात. अशी पेशी बहुधा तत्काळ मरत नाही. पुढे विभाजन करू जाते तेव्हा मरते. इजा अल्प असेल तर मात्र काही तासांत ती स्वतःची दुरुस्ती करून घेते. एकच मात्रा दोन भागांत, मध्ये काही तास सोडून दिल्यास अधिक पेशी वाचतात, हे एल्काइंड व सटन यांनी १९५९ च्या सुमारास दाखविले. ही दुरुस्ती निरोगी धातूंना अधिक चांगली साधते. म्हणूनच रोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे किरण देण्याची पद्धत रूढ झाली. मधल्या काळात गाठीच्या गाभ्यातील प्राणवायूवंचित पेशींनाही प्राणवायू मिळू लागतो व त्या किरणांना अधिक बळी पडतात. येथवर काळ आपल्या बाजूचा आहे.

पुढे तो उलटतो. पेशी मरू लागल्या की उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात. विदर्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये शिर व ग्रीवा भागातील कर्करोगांच्या नोंदी पडताळून दाखविले, की साधारण चार आठवड्यांनंतर लांबलेल्या प्रत्येक दिवसाची भरपाई करण्यास सुमारे ०.६ ग्रे जादा मात्रा लागते. म्हणजे एका आठवड्याच्या खंडात जवळजवळ दोन बैठकांचे फळ वाया जाते. चुकलेल्या बैठका शेवटी जोडून एकूण मात्रा पूर्ण केली तरी हा तोटा भरून निघत नाही, कारण तोवर शत्रूची संख्या वाढलेली असते. रुग्णाने विश्रांतीसाठी निवडलेला काळ नेमका हाच असतो!

उलट बाजूचा पुरावाही आहे. डेन्मार्कमधील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीच मात्रा आठवड्यात पाचऐवजी सहा वेळा दिली. उपचार एक आठवडा आधी संपला आणि पाच वर्षांनंतरचे स्थानिक नियंत्रण ६० वरून ७० टक्क्यांवर गेले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही अंतःस्थ किरणोपचारासह सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा करावा, असा दंडक आहे. सर्वच अर्बुदांस हा नियम सारखा लागू नाही. पौरुषग्रंथीच्या कर्करोगाची वाढ संथ, तेथे दोन-चार दिवसांचा विलंब एवढा महाग पडत नाही.

एका बैठकीस किती मिनिटे लागतात, याचीही काही रुग्णांना चिंता असते. कोबाल्ट यंत्रातील स्रोत सुमारे सव्वापाच वर्षांत निम्म्या शक्तीचा होतो, त्यामुळे जुन्या स्रोतावर तीच मात्रा देण्यास अधिक वेळ लागतो. या चार-दोन मिनिटांनी फलात लक्षणीय फरक पडत नाही. बैठक अर्ध्या तासापलीकडे रेंगाळली, तरच पेशींच्या दुरुस्तीचा विचार करावा लागतो. क्षणार्धात सारी मात्रा देण्याच्या ‘फ्लॅश’ पद्धतीने लोझान येथे २०१८ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. ती अद्याप संशोधनाच्याच टप्प्यात आहे.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात अर्बुद निःशेष काढण्यास सांगताना उरलेल्या अंशाची तुलना विझवायच्या राहिलेल्या अग्नीशी केली आहे. संदर्भ शस्त्रकर्माचा आहे आणि त्यांचे अर्बुद म्हणजे आजचा कर्करोगच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि ‘शेष’ किती वेगाने वाढतो, ही दृष्टी वैद्याला परकी नसावी. तरीही आपल्यापैकी काही जण “आधी शरीर सावरू द्या, मग किरण घ्या” असा सल्ला देतात. तो रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

अशा रुग्णास वेदनाशमन, मुखाची स्वच्छता, मृदू व द्रव आहार यांवर भर देऊन उपचारात टिकवून धरावे. गिळणे अशक्य झाल्यास नाकातील नळीने पोषण देण्यास संमती द्यावी, असे नातेवाइकांना आपणच समजवावे. वैद्याच्या शब्दाला तेथे वजन असते. तीक्ष्ण, क्षारयुक्त गंडूष व त्वचेवरील लेप किरणतज्ज्ञास विचारल्याखेरीज योजू नयेत. रसायनकल्पांबाबतही हेच. कॅनडातील २००५ च्या अभ्यासात किरणोपचारासोबत ‘ई’ जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन घेतलेल्यांचे दुष्परिणाम घटले, पण रोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे संकेत मिळाले.

गणपती, दिवाळी, सुगी, घरचे लग्न यांमुळे पडणारे खंड आधी ओळखता येतात. रुग्ण आला की उपचार सुरू झाल्याची तारीख व झालेल्या बैठकांची संख्या विचारावी. खंड पडलाच असेल तर त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधून द्यावा. शनिवारी जादा बैठक घेऊन, अथवा एका दिवसात किमान सहा तासांच्या अंतराने दोन बैठका देऊन, किरणतज्ज्ञ काही दिवस भरून काढू शकतात. मात्र त्यासाठी रुग्ण वेळेत परत पोहोचला पाहिजे.